ड्रॅगनमाशांचं वर्गीकरण आणि आढळ-नकाशा: बडोद्यात बसून तक्ता कसा करावा

सबमिशन जवळ आलं की बडोद्यातल्या झूलॉजीच्या मुलामुलींच्या फाइली माझ्याकडे बघायला येतात. "अमुक कुलाचं वर्गीकरण आणि आढळ" हा ठरलेला विषय. त्यातही खोल समुद्रातले शिकारी मासे मुलं हौसेनं घेतात, कारण दात बाहेर आलेल्या काळ्याकुट्ट माशांचे फोटो पहिल्या पानावर शोभून दिसतात. पान उलटलं की मात्र दरवेळी तेच. नकाशा आधी काढलेला असतो, नावं नंतर बसवलेली असतात आणि खोलीचे आकडे कुठून आले ते कोणालाच सांगता येत नाही.

कामाचा क्रम उलटा लागला की पुढचं सगळं बिघडतं. म्हणून हा लेख क्रमानंच लिहिला आहे. उदाहरणाला स्टोमिइडी हे कुल घेतलं आहे, म्हणजे ड्रॅगनमासे. हीच पद्धत खोल पाण्यातल्या दुसऱ्या कुलालाही चालते.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो: इथे गण म्हणजे ऑर्डर, कुल म्हणजे फॅमिली, प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. फाइलीतही हीच जोडी शेवटपर्यंत ठेवा. वर्तमानपत्रात "प्रजाती" हा शब्द जातीसाठीही सर्रास वापरतात. तक्त्यात तसं केलंत तर २८ प्रजातींच्या ३०० प्रजाती होतील.

टप्पा १: आवाका ठरवा आणि साहित्य जमवा

स्टोमिइडी कुलात साधारण २८ प्रजाती आणि तीनशेच्या आसपास जाती आहेत. एका सत्रात एवढ्यांचा नीट नकाशा होत नाही. कुलाचं वर्गीकरण पूर्ण द्या, पण आढळ एकाच प्रजातीचा घ्या. माझा सल्ला चॉलिओडस, म्हणजे व्हायपरफिश. नऊ जाती, बऱ्यापैकी नोंदी आणि अरबी समुद्राशी थेट संबंध. युस्टोमियासच्या वाटेला जाऊ नका. तिच्यात शंभरावर जाती आहेत, त्या मुख्यतः हनुवटीखालच्या मिशीच्या टोकाच्या घडणीवरून ओळखतात, आणि जाळ्यात नेमकी ती मिशीच तुटते.

लागणारं साहित्य थोडं आहे. जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक संग्रहाचं मोफत खातं, ओबिस या सागरी नोंदींच्या संग्रहाची ओळख, नावांसाठी कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा एश्मायर यांचा माशांचा कॅटलॉग, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर आणि समुद्रतळाच्या खोलीसाठी जेब्कोची फाइल. सगळं फुकट आहे. शोधपेटीत नावं रोमन लिपीतच टाकावी लागतात, तेव्हा स्पेलिंगची एक यादी वेगळ्या कागदावर करून समोर ठेवा.

नमुना हातात घेऊन बघायची इच्छा असेल तर ती बडोद्यात पुरी होणार नाही. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरून आल्फ्रेड अल्कॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमवलेल्या खोल पाण्यातल्या माशांचे नमुने कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत आणि लंडनला आहेत. तुमचं काम नोंदींवर चालणार आहे. ते प्रस्तावनेत स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

*तपासणी:* "मी कोणत्या प्रजातीच्या कोणत्या जातींचा, कोणत्या समुद्रातला आढळ दाखवणार आहे" हे एका वाक्यात लिहिता येतं का? येत नसेल तर डाउनलोडच्या बटणाला हात लावू नका.

टप्पा २: दिसण्यावरून कुल ठरवू नका

मोठं तोंड, सुयांसारखे दात, काळं अंग आणि एखादा दिवा दिसला की मुलं सगळ्यांना एकाच कुलात बसवतात. अंधाऱ्या पाण्यात भक्ष्य क्वचित भेटतं आणि भेटलेलं सोडून चालत नाही, म्हणून वेगवेगळ्या घराण्यांतल्या माशांना सारखीच हत्यारं आली आहेत. दात म्हणजे नातं नव्हे.

फँगटूथ (ॲनोप्लोगॅस्टर) ड्रॅगनमासा नाही. स्वतःपेक्षा मोठं भक्ष्य गिळणारा ब्लॅक स्वॉलोअर (कायॅस्मोडॉन) नाही. डोक्यावर गळ लावलेले अँगलरफिश तर वेगळ्या गणातले. गल्पर ईल हा वामींच्या नात्यातला. आणि सेबरटूथ (एव्हरमॅनेला) ज्या ऑलोपिफॉर्मिस गणात येतो, त्याच गणात आपला बोंबील आहे. ताटात रवा लावून येणारा बोंबील मेला की मऊ पडतो म्हणून भोळा वाटतो. त्याचा जबडा उघडून आत बघा, घराणं कळेल.

ड्रॅगनमाशांचा गण स्टोमिइफॉर्मिस. याच गणात सायक्लोथोनसारखे बारीक ब्रिसलमाउथ आणि चपटे हॅचेटफिशही आहेत, पण त्यांची कुलं निराळी.

कुलाच्या आत शिरल्यावर ओळखीची सुरुवात पाठीवरच्या पराच्या जागेवरून करा. पर डोक्यामागे लगेच सुरू होतो आणि त्याचा पहिला काटा लांब, धाग्यासारखा असेल तर तो चॉलिओडस. पर पाठीच्या मध्यावर, गुदपराच्या पुढे सुरू होत असेल तर ॲस्ट्रोनेस्थेस आणि तिच्या जवळच्या प्रजाती. अंग वामीसारखं आणि पर निम्म्याहून जास्त पाठीवर पसरलेला असेल तर इडियाकॅन्थस. पाठीवरचा पर आणि गुदपर दोन्ही शेपटीजवळ समोरासमोर असतील तर तोंडाचा तळ बघा. खालच्या जबड्याच्या दोन हाडांमध्ये कातडंच नसेल, नुसती मोकळी फट असेल, तर मॅलॅकोस्टियस, अरिस्टोस्टोमियास वगैरे लूजजॉ मंडळी. तळ शाबूत आणि अंगावर षटकोनी खुणांच्या रांगा असतील तर स्टोमियास. तळ शाबूत पण कातडी गुळगुळीत असेल तर मेलॅनोस्टोमियास, युस्टोमियास, बॅथोफिलस यांच्या घोळक्यात शोधा.

*सावधान:* "मिशी नाही म्हणजे ड्रॅगनमासा नाही" असं लिहू नका. मॅलॅकोस्टियसला मिशी नसते. इडियाकॅन्थसच्या नराला मिशीही नसते आणि दातही नसतात. मादी हातभर लांब, नर बोटभर, आणि त्याचं आतडंही निकामी. तिच्या पिल्लांचे डोळे लांब देठांवर असतात. ती इतकी वेगळी दिसतात की एके काळी त्यांना स्टायलॉफ्थॅल्मस अशी स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवलं गेलं होतं. जुन्या यादीत हे नाव दिसलं तर ती नवी प्रजाती नव्हे.

टप्पा ३: नावं पक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिलं काम, एक आधार निवडा. प्रत्येक वर्गीकरणाची मांडणी थोडी वेगळी असते. अर्धी या संकेतस्थळावरून आणि अर्धी त्या पुस्तकातून उचलली की तक्त्यात एकच जाती दोन नावांनी येते. एश्मायर कॅटलॉग घ्या, कारण त्यात प्रत्येक नावापुढे सध्याची स्थिती लिहिलेली असते: हे नाव ग्राह्य आहे, की दुसऱ्या कोणत्या नावाचा पर्याय आहे. कॅटलॉग सतत सुधारला जातो, म्हणून तुम्ही पाहिल्याची तारीख टिपून ठेवा.

दुसरं, कुलाच्या हद्दीचा बदल समजून घ्या. जुन्या पुस्तकांत तुम्हाला एक नव्हे, सहा कुलं दिसतील: ॲस्ट्रोनेस्थिडी, चॉलिओडॉन्टिडी, इडियाकॅन्थिडी, मॅलॅकोस्टिइडी, मेलॅनोस्टोमिइडी आणि स्टोमिइडी. १९८५ मध्ये विल्यम फिंक यांनी हाडं, स्नायू आणि प्रकाश-अवयवांच्या तुलनेवरून दाखवलं की मेलॅनोस्टोमिइडी हा एकसंध गट नाही. त्यातल्या काही प्रजातींचं नातं बाहेरच्या कुलांशी अधिक जवळचं आहे. तेव्हापासून सगळ्यांना मिळून एक स्टोमिइडी मानायची पद्धत पडली आणि जुनी कुलं उपकुलं म्हणून उरली. पुढे जनुकांवरून झालेल्या कामातही मेलॅनोस्टोमिइनी हे उपकुल एकसंध ठरलेलं नाही. तक्त्यात उपकुलं द्यायची तर खाली एक ओळ टाका: "उपकुलं सोयीसाठी, वंशसंबंध दाखवण्यासाठी नव्हेत." व्हायवात यावर प्रश्न हमखास येतो.

तिसरं, लेखकाचं नाव आणि कंस. इथे दहातल्या नऊ फाइली चुकतात. चॉलिओडस स्लोनाय ब्लॉख आणि श्नायडर, १८०१: इथे कंस नाही, कारण त्यांनी ही जाती पहिल्यांदा वर्णन केली तेव्हाच ती चॉलिओडसमध्ये टाकली होती. स्टोमियास बोआ (रिसो, १८१०): इथे कंस आहे, कारण रिसो यांनी ती एसॉक्स या प्रजातीत टाकली होती, नंतर ती हलवली गेली. कंस म्हणजे "प्रजाती बदलली" एवढीच खूण. सगळीकडे सारखं दिसावं म्हणून कंस घालणं किंवा काढणं ही सरळ सरळ चूक आहे.

चौथं, फुटलेल्या जाती. मॅलॅकोस्टियस नायजर हे नाव १८४८ चं आहे आणि दीडशेहून अधिक वर्षं जगभरातला प्रत्येक मॅलॅकोस्टियस याच नावानं नोंदला गेला. २००७ मध्ये क्रिस्तोफर केनाली यांनी दक्षिण गोलार्धातला मॅलॅकोस्टियस ऑस्ट्रॅलिस वेगळा काढला. म्हणजे दक्षिणेच्या समशीतोष्ण पाण्यातली २००७ पूर्वीची "नायजर"ची नोंद नायजरचीच असेल, याची खात्री नाही. नोंदीत नमुना कधी ओळखला त्याचा रकाना असतो, तो बघा. रिकामा असेल तर ती नोंद नकाशावर पोकळ ठिपक्यानं दाखवा.

*सावधान:* नाव वाचून आढळ लिहू नका. इडियाकॅन्थस अटलांटिकस नुसता अटलांटिकमध्ये राहत नाही. दक्षिण गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यात तो जगभर सापडतो.

*तपासणी:* तक्त्यातल्या प्रत्येक जातीपुढे चार गोष्टी भरलेल्या हव्यात: सध्याचं नाव, लेखक-वर्ष (कंस तपासून), मूळ प्रजाती आणि जुनी पर्यायी नावं. हे झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यात जाऊ नका. चुकीच्या नावाखाली उतरवलेल्या नोंदी नंतर वेगळ्या करणं म्हणजे दुप्पट काम.

टप्पा ४: नोंदी उतरवा

जीबीआयएफवर प्रजातीचं नाव टाका, आणि तीन गाळण्या लावा: अक्षांश-रेखांश असलेल्या नोंदी, "आढळला" अशीच स्थिती असलेल्या नोंदी (काही संच "आढळला नाही" हेही नोंदवतात) आणि जीवाश्म वगळून. डाउनलोडबरोबर एक कायमचा क्रमांक मिळतो. तो तिथल्या तिथे वहीत लिहा. महिनाभरानं तीच शोधणी केली तर संख्या बदललेली असते, आणि मग तुमचा आकडा कुठून आला ते सिद्ध करता येत नाही.

ओबिसवरूनही त्याच प्रजातीच्या नोंदी घ्या, पण दोन्ही फाइली नुसत्या एकाखाली एक चिकटवू नका. त्याच संग्रहालयाचा तोच नमुना दोन्हीकडे असतो. संस्था, नमुन्याचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण जुळलं की ती एकच नोंद धरा.

फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. रकाने टॅबनं वेगळे केलेले असतात आणि एक्सेल तारखांची वाट लावतं. आधी कोरी शीट उघडा, मग डेटा इम्पोर्ट करा. मूळ फाइलीची एक प्रत "हात लावू नये" अशा नावानं बाजूला ठेवा.

टप्पा ५: ठिपके गाळून घ्या

पद्धत एका नोंदीवर दाखवतो. नोंद उदाहरणापुरती रचलेली आहे: *चॉलिओडस स्लोनाय, अक्षांश १०, रेखांश ६५, खोली ० ते १०००, वेळ १८:०० यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ).*

पहिला प्रश्न: आकडे जागेवर आहेत का? १० उत्तर, ६५ पूर्व म्हणजे अरबी समुद्र. हेच उलटे पडले तर ६५ उत्तर, १० पूर्व, म्हणजे नॉर्वेचा किनारा. दोन्हीकडे पाणीच! "जमिनीवर पडलेले ठिपके काढून टाका" एवढीच तपासणी केलीत तर ही चूक तुमच्या हातून निसटेल. खात्री करायची असेल तर बडोद्याचे आकडे उलटे टाकून बघा. २२ उत्तर, ७३ पूर्व चं ७३ उत्तर, २२ पूर्व झालं की मांडवीचा दरवाजा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. खुल्या समुद्रातल्या नोंदीला बहुधा देश जोडलेला नसतो, म्हणून देशाशी ताडून पाहणारी आपोआप तपासणीही इथे लंगडी पडते. उपाय हातानं करायचा: जहाजाचं किंवा मोहिमेचं नाव बघा. हिंदी महासागरातल्या मोहिमेचा एकच ठिपका नॉर्वेजवळ दिसला तर काय झालं ते उघड आहे.

दुसरा प्रश्न: अंश-मिनिटांचं रूपांतर. १५ अंश ३० मिनिटं म्हणजे १५.५, १५.३० नव्हे. फरक ०.२ अंशाचा, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे २२ किलोमीटर. मोकळ्या महासागरात ते खपून जातं. खंडाच्या उतारावर तेवढ्या अंतरात तळ शेकडो मीटर खाली जातो.

तिसरा: शून्य आणि ऋण. ०,० हा ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतो, आणि तिथे खरोखरच खोल पाणी आहे. त्यामुळे तो ड्रॅगनमाशाला साजेसा वाटतो. तो बहुतेक वेळा रिकाम्या रकान्याचा ठिपका असतो. पश्चिम रेखांशापुढचं उणे चिन्ह गळलं की अटलांटिकचा मासा हिंदी महासागरात येतो. चॉलिओडस डॅनी अटलांटिकचा आहे. तो अरबी समुद्रात दिसला तर आधी चिन्ह तपासा, मग आश्चर्य करा.

चौथा: तळ किती खोल आहे? जेब्कोच्या फाइलीवरून प्रत्येक ठिपक्याखालची खोली काढा. २०० मीटरपेक्षा उथळ तळावर ड्रॅगनमाशाची नोंद असेल तर ती लाल रंगात ठेवा. आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा, आणि तो काही दशक मीटर खोल, गाळानं भरलेला. गुजरात आणि मुंबईसमोर खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, इतका रुंद आहे की दोनशे मीटर खोली गाठायला किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत जावं लागतं. तरी "आढळ: गुजरात किनारा" असं बेधडक लिहिलेलं असतं. अरबी समुद्रातली नोंद म्हणजे गुजरात किनाऱ्यावरची नोंद नव्हे.

वाहून आलेल्या प्राण्यांचाही हाच नियम. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तो देवमासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. नोंद खरी आहे, ठिकाणही खरं आहे, पण म्हणून महीचं मुख हे निळ्या देवमाशाचं घर ठरत नाही. किनाऱ्यावर सापडलेल्या खोल पाण्यातल्या माशाची नोंद ठेवा, फक्त वेगळ्या चिन्हानं.

*तपासणी:* काढून टाकलेली प्रत्येक नोंद वेगळ्या शीटवर, कारणासह. "साफ केल्या" एवढं पुरत नाही. किती नोंदी कशामुळे गेल्या ते मेथडच्या भागात यायला हवं.

टप्पा ६: खोली म्हणजे माशाची खोली नव्हे

त्याच रचलेल्या नोंदीत "खोली ० ते १०००" आहे. यावरून "हा मासा पृष्ठभागापासून हजार मीटरपर्यंत राहतो" असं लिहिणं ही या विषयातली सगळ्यात पसरलेली चूक.

जाळं खाली जातं तेव्हा उघडं असतं, वर येतानाही उघडंच. मासा त्यात ९०० मीटरला शिरला की १५० मीटरला, हे नोंद सांगत नाही. पाण्यात हव्या त्या खोलीला उघडता-मिटता येणारी जाळी असतात. त्यांच्या नोंदीत खोलीचा पट्टा अरुंद असतो, उदाहरणार्थ ४०० ते ५००. तसल्या नोंदी सोन्याच्या. त्या वेगळ्या काढा आणि खोलीबद्दलची विधानं फक्त त्यांच्यावर करा. उरलेल्यांचा उपयोग नकाशावरच्या जागेपुरता.

जुन्या मोहिमांमध्ये आणखी एक गोम आहे. एकोणिसाव्या शतकातली जहाजं खोली फॅदममध्ये लिहीत. १ फॅदम म्हणजे १.८२८८ मीटर, म्हणजे १००० फॅदम म्हणजे सुमारे १८२९ मीटर. रूपांतर करायचं राहिलं तर खोली जवळपास निम्मी होते. बरं, रूपांतर केलं तरी तो आकडा बहुधा तळाचा असतो. जाळं तळ खरवडून वर येताना मधल्या पाण्यातला ड्रॅगनमासा त्यात अडकलेला असू शकतो. चॉलिओडस पॅमेलास अल्कॉक यांनी १८९२ मध्ये वर्णन केला तो अशाच काळात. म्हणून जुन्या नोंदीवरून "तळाशी राहणारा" म्हणू नका. हे मासे मधल्या पाण्यातले आहेत.

मग वेळ. बरेच ड्रॅगनमासे दिवसा पाचशे मीटर आणि त्याखाली असतात, रात्री भक्ष्यामागे वर येतात. दिवसाच्या आणि रात्रीच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढली तर अशी खोली मिळते जिथे मासा ना दिवसा असतो ना रात्री. नोंदीतली वेळ यूटीसीमध्ये असेल तर ती आपल्या घड्याळाला नव्हे, त्या जागेच्या सूर्याला जुळवायची: रेखांशाला १५ नं भागा, पूर्व रेखांश असेल तर तेवढे तास मिळवा, पश्चिम असेल तर वजा करा. ६५ पूर्वला ६५ भागिले १५, म्हणजे ४ तास २० मिनिटं. १८:०० यूटीसी तिथे रात्रीचे १०:२०. नोंद रात्रीची. प्रशांतच्या मध्यावर भारतीय वेळ लावून दिवसाची रात्र केलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत.

सगळेच वर-खाली करतात असंही नाही. मॅलॅकोस्टियस नायजर फारसा हलत नाही. एवढा मोठा जबडा, पण त्याच्या पोटात कोपेपॉडसारखे बारीक कवचधारी जीव पुष्कळ सापडतात. जबड्याच्या मापावरून आहार लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

*सावधान:* अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरच्या पलीकडे प्राणवायू फार कमी असलेला जाड थर आहे. दुसऱ्या महासागरातल्या नोंदींवरून काढलेली खोली इथे जशीच्या तशी चिकटवू नका.

टप्पा ७: नकाशा

प्रक्षेपण समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण बरोबर राखणारं घ्या, मॉलवाइडे किंवा इक्वल अर्थ. नेहमीच्या मर्केटरवर ध्रुवाकडचे भाग फुगतात. प्रशांत महासागर लागणार असेल तर नकाशा १८० रेखांशावर मध्य धरून काढा. नाहीतर चॉलिओडस मॅकूनी हा उत्तर प्रशांतचा मासा कागदाच्या दोन कडांना अर्धा-अर्धा विभागला जातो. रंगाबिंगाचं फार मनावर घेऊ नका. भरीव ठिपका खात्रीचा, पोकळ ठिपका शंकेचा, फुली वाहून आलेल्याची. एवढं बास.

ठिपक्यांभोवती रेघ ओढून आतला भाग रंगवायचा मोह टाळा. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातले टोकाचे ठिपके जोडले की सगळा दख्खन आत येतो आणि ड्रॅगनमासा नागपुरात पोचतो. प्रदेश दाखवायचाच असेल तर मधल्या पाण्याची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ३३ परिप्रदेशांची विभागणी वापरा. तीत अरबी समुद्र स्वतंत्र विभाग आहे. ज्या विभागात खात्रीची नोंद आहे तोच रंगवा.

रिकाम्या जागांचं काय? बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींचे फोटो काळा घोडा पुलाजवळचे जास्त मिळतात, कारण माणसं पुलावर उभी असतात. ड्रॅगनमाशांचे ठिपकेही संशोधन-जहाजांच्या वाटांवर दाटतात. आपल्या नकाशाखाली दुसरा एक फिका थर टाका: त्या खोलीतल्या सगळ्याच माशांच्या नोंदी, उदाहरणार्थ सायक्लोथोनच्या. जिथे सायक्लोथोन भरपूर सापडला पण चॉलिओडस नाही, तिथली पोकळी अर्थपूर्ण. जिथे दोन्ही नाहीत, तिथे जाळंच पडलेलं नाही.

*तपासणी:* प्रत्येक जातीचा सगळ्यात उत्तरेचा, दक्षिणेचा, पूर्वेचा आणि पश्चिमेचा ठिपका पुन्हा मूळ नोंदीशी ताडा. चुका टोकांवरच साचतात. अलास्काच्या आखातातली "स्लोनाय" ही बहुधा मॅकूनी असते.

टप्पा ८: आढळाचा परिच्छेद

लिहिण्याचा क्रम एकच ठेवा: महासागर, त्यातला भाग, खात्रीच्या नोंदींची अक्षांश-मर्यादा, खोली (उघड-मीट जाळ्यांवरून असेल तरच, दिवस-रात्र वेगळी) आणि शेवटी शंकास्पद नोंदी. दोन नमुने देतो. "चॉलिओडस स्लोनाय: जगभरच्या उष्ण आणि समशीतोष्ण महासागरांत, भूमध्य समुद्र धरून. उत्तर प्रशांताच्या वरच्या भागातल्या नोंदी मॅकूनीशी ताडून पाहाव्यात." आणि "चॉलिओडस पॅमेलास: हिंदी महासागर, अरबी समुद्र, एडनचं आखात, मालदीव."

"जगभर आढळतो" हे शब्द फक्त अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत या तिन्हींतून खात्रीची नोंद असेल तेव्हाच. "आढळत नाही" असं लिहायचं तर टप्पा सातमधला सायक्लोथोनचा थर जोडा. तो नसेल तर "नोंद मिळाली नाही" लिहा. आणि जीबीआयएफचा डाउनलोड क्रमांक, कॅटलॉग पाहिल्याची तारीख आणि गाळलेल्या नोंदींची संख्या नकाशाच्या खालीच छापा. परीक्षक आधी नकाशाच उघडतात.